रिपोर्ट नॉर्मल

सगळं नॉर्मल, म्हणतात डॉक्टर खांबेटे.
मग रोज सकाळी पीळ पडतो
तो कुणाच्या पोटात?

दूध सोडू? गहू?
मावससासूबाई ओव्याची पुरचुंडी देतात.
हेमांगी विचारते, टेन्शन घेतेस का गं?
घेते ना. बसमध्ये चढताना.

माझं पुणं मोजकंच:
नळस्टॉपचा पेट्रोल पंप,
डेक्कनला बँकेचा दुसरा मजला,
आणि ते हॉटेल, जिथं पाटी आहे,
संडास फक्त गिऱ्हाइकांसाठी.
म्हणून चहा घेते.
चहाच तर चालत नाही मला.

बरं होतं का हो हे कधी?
डॉक्टर चष्मा पुसत राहतात.
मला अठरावं वर्ष हे, म्हणतात,
आणि अर्धी चिठ्ठी तशीच टाकून
घाईनं आत जातात.