उलटा डबा

कास्सानेचे सिनेमे निपाणीला उलटे पोहोचले.
आधी म्हातारपणचे :
रबरी वटवाघळं,
एकाच भुताला डबिंगचे दोन आवाज,
आणि बादलीभर रक्त, सरबतासारखं गुलाबी.
वखारीतून सुटलेल्या बाया
अंगावरच्या तंबाखूनं शिंकत शिंकत हसायच्या.
"ह्याला काय भ्यायचं?" गंगव्वा म्हणायची,
"आमचा मुकादम बघ जा की."

मग कोल्हापूरच्या एसटीच्या टपावरून
वर्षाला एक, आणखी जुना डबा.
रक्त आटत गेलं.
भुतं पडद्याच्या कडेला सरकली.
"माणूस सुधारायलाय गा,"
ऑपरेटर तवनाप्पा मगदूम म्हणाला.
डब्यांवरची सालं मी त्याला वाचून दाखवली नाहीत.

शेवटी आला तो त्याचा पहिला.
तोवर टॉकीजची पाटी
दोन भाषांत दोनदा पुसून झालेली,
आत आम्ही दोघं आणि गंगव्वा.
काळा-पांढरा जिना. कंदील घेतलेली एक बाई.
वर कुणीतरी खुर्ची सरकवली.
तेवढंच.
गंगव्वाच्या चिमटीतली तपकीर
नाकापर्यंत गेलीच नाही.

रीळ सुटून फटफटत राहिलं,
तवनाप्पानं दिवे लावले नाहीत.
अंधारातनंच विचारलं,
"ह्याचा पुढचा कधी येतोय?
पोरगं लई मोठं हुणार बघ."