चहाची गाळणी

मशीननं खडा फोडला बाहेरूनच,
कातडीवर ओरखडाही न उमटता,
आणि घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले,
आता आठवडाभर सगळं गाळून घ्यायचं.
मर्गिलानच्या बाजारात त्यासाठी वेगळी गाळणी मिळेना.
मी चहाची दिली.

तुर्दिअली लाजला. बेचाळीस वर्षं
तंदुरात कोपरापर्यंत हात घालून नान थापणारा माणूस
न्हाणीच्या दारामागे माझी गाळणी धरून उभा.
मी बाहेरून विचारायची, आलं का काही?
तो म्हणायचा, वाळू.
मग एकदा म्हणाला, तीळ.
सात कण, करडे, टोकदार,
नानवर पेरतो त्याहूनही बारीक.
एवढ्याशा ऐवजासाठी हा गडाबडा लोळला होता
पिठाच्या पोत्यांवर, पहाटे तीनला.

धुतले, वाळवले, औषधाच्या बाटलीत भरले.
फरगाण्याच्या बसमध्ये बाटली माझ्या मुठीत.
शेजारची बाई म्हणाली, केशर का?
मी हो म्हटलं.

प्रयोगशाळेतल्या मुहय्योनं
एक कण खलात घोटला,
दुसरा भिंगाखाली दाखवला:
आत पिवळट गाभा, तो युरिक आम्लाचा,
वर कॅल्शियम ऑक्झलेटचे थर.
आधी गाभा बसला, मग बाकीचं त्याला चिकटत गेलं.
पडद्यावर एक रेघ चढत उतरत गेली
आमच्या दक्षिणेच्या अलाय डोंगरांसारखी.
गाभा बसला कधी, मी विचारलं.
ते खडा सांगत नाही, म्हणाली.

नसेल सांगत. मला माहीत आहे.
ज्या उन्हाळ्यात धाकटा येकातेरिनबुर्गला गेला बांधकामावर
आणि दोन्ही तंदूर याच्या एकट्याच्या अंगावर आले.
पाणी नको, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं,
उठलं की नान करपतो.
दुपारी खारं मटण, वर दाट काळा चहा, बस्स.
मी याच्या नावानं किती खडे फोडले त्या वर्षी:
बोलत नाहीस, हसत नाहीस,
भिंतीकडे तोंड करून झोपतोस.
हा एकेक उचलून आत ठेवत गेला असणार.

मुहय्योनं कागदावर लिहून दिलं:
दिवसाला तीन लिटर. लिंबू. मीठ कमी.
मांस जपून.
पुष्कळजण परत येतात, म्हणाली,
तुम्ही येऊ नका.

कागद तंदुराशेजारी, पिठानं पांढरा झालेला.
बरणीवर मी नेलपॉलिशनं रेघा मारल्यात,
पाच नमाजांच्या पाच.
तिसरीशी रोज गाडी अडते, त्या वेळी गिऱ्हाईक फार.
मग धाकटा तिकडून फोनवर
बापाला खडे बोल सुनावतो,
आणि हा हसत हसत
उभ्यानंच बरणी तोंडाला लावतो.

रात्री दोनदा उठतो आता.
न्हाणीत दिवा लागतो, धार वाजते,
मी अंधारात ऐकत पडते,
पूर्वी झोपमोड झाली म्हणून करवादले असते.

चहाला नवी गाळणी आणली.
जुनी अजून खिळ्यालाच आहे.