राखण

एल्को, नेवाडा. बाहेर उणे नऊ.
आत चार नंबरच्या टेबलावर मी पत्ते वाटते.
बघायची मुभा आहे, बोलायची नाही.

पहिल्या तासातच ग्राशियान एचार्टला
तीन सत्त्या, दोन गुलाम.
एकाच डावात दोन माणसं उठून गेली,
एक तर कोटही विसरला.
चिप्स ओंजळीत मावेनात,
म्हणून ग्राशियानने त्या कोपरानं ओढल्या.

मग व्हायचं ते झालं.
समोर ढीग असला की हात सैल सुटतो.
‘बघू तरी’ म्हणत दुर्री-नव्वीवर लावले,
‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणत
बॉइझीहून आलेल्या पोराला दोनदा कॉल केलं.
पोराच्या कानात हेडफोन, गालात सूर्यफुलाच्या बिया.
आघाडी कडा कोसळावा तशी जात नाही.
गळते.
पिंपाला तळाशी चीर, आणि वर पाणी अगदी निवांत.

मला ठाऊक आहे.
सव्विसाव्या वर्षी विनेमक्काला मीही अशीच पुढे होते.
पहाटेच्या बसचं तिकीट बहिणीनं काढलं.

तिसऱ्या तासाला ढीग निम्मा.
ग्राशियानने पत्ते उचलले, पाहिले, टाकले.
पुढचे टाकले. त्यापुढचेही.
एकदा दोघांनी आपलं सगळं मध्ये सारलेलं,
तेव्हा त्याने राण्यांची जोडी टाकली.
टाकताना एक पत्ता उलटला, नाहीतर कळलंही नसतं.
पोरगं हसलं.

तेव्हा तो बोलला, कुणाकडेच न बघता:
‘आजोबा पिरेनीजमधून आले ते मेंढ्या राखायला.
हजार पांढऱ्या कोण मोजत बसणार?
शंभरात एक काळी सोडायची.
अंधार पडला की फक्त काळ्या मोजायच्या.
दहा भरल्या तर जेवायचं.
नऊ भरल्या तर कंदील घ्यायचा.’

आणि त्याने शंभराच्या काळ्या चिप्स वेगळ्या काढून
एकेकीवर बोट ठेवलं.
सावकाश, ओठ हलवत.
मी पुढचा डाव वाटायचा थांबवला होता,
हे मला सुपरवायझरनं खोकल्यावर कळलं.

मध्यंतरात आम्ही लहान चिप्स गोळा करतो.
काळ्या घेतल्या, हजाराच्या पिवळ्या दिल्या.
त्याचा तळहात टेबलावर तसाच पसरलेला राहिला,
जणू तिथं अजून काही चरत होतं.

मग माझी पाळी बदलली, टेबल नऊ.
तिथून फक्त त्याची टोपी दिसायची.
अकराला होती.
साडेबाराला होती.
त्यानंतर माझ्या टेबलावर एका बाईनं
सगळं पुढे सारलं,
आणि मला मान खाली घालून
मोजावं लागलं.