जन्मवेळेचा रकाना

रजिस्टरात रकाना एवढासाच,
चार आकडे आणि मधे दोन ठिपके मावतील इतका.
बिलोलीकडच्या या उपकेंद्रात
अकरा वर्षं मी तो भरते आहे.
बाया मात्र आकड्यांत बाळंत होत नाहीत.

धुरपता म्हणाली, "झाकड पडलं व्हतं, सिस्टर,
माणूस दिसत व्हतं, वळखू येत नव्हतं."
मी लिहिलं, १९:०५.
केवळबाईच्या सुनेचं येरवाळी झालं.
येरवाळी चारलाही असते, साडेपाचलाही;
ज्याला जेव्हा उठावं लागतं ती त्याची.
रहेमतबी म्हणाली, "अजान हुई, खजूर मूँ में, और ये आ गया."
रोज्याचं वेळापत्रक तिच्या भिंतीवरच होतं,
सगळ्या पानावर तेवढा एक आकडा खरा.
नरसाबाई सीमेपलीकडून वीटभट्टीवर आलेली.
तिच्या बोलीत सूर्याला आणि वेळेला एकच शब्द, पोद्दू.
पोद्दू गेल्यावर मुलगी झाली, म्हणाली.
सूर्य गेल्यावर, की वेळ गेल्यावर?
विचारलं नाही. रक्त थांबत नव्हतं.

"दिवस कासराभर वर आल्ता," एक सासरा म्हणाला.
कासरा केवढा?
"ते बैलावर हाय."

दुपारी लसी संपल्या की डबा पुसताना
मी हे शब्द हातात घेऊन उलटेपालटे करते.
दिवेलागण. यातला उजेड माणसाचा.
लाईट गेलेल्या गावात ती साडेनवालाही होते.
तिन्हीसांज. एक दिवस, एक रात्र, तिसरं कोण?
तेव्हा केस विंचरू नये, मीठ देऊ नये,
निजलेल्याला उठवावं.
बाळंत होऊ नये, असं कुणी म्हणत नाही.
कातरवेळ इथं कुणाच्या तोंडात नाही,
मी ती शाळेच्या पुस्तकातून आणली.
माझ्या हाताला कातर एकच ठाऊक, नाळेची.
झुंजूमुंजू. झुंज कळते.
मुंजू कोण, माहीत नाही. हरलेला असावा.

माझी जन्मतारीख एक जून.
वर्गात एकोणीस जणांची एक जून,
गुरुजींच्या पेनातून एकाच दिवशी निघालेलो आम्ही.
वेळ कुणी विचारली नाही, म्हणून ती तेवढी खरी उरली.
आई म्हणायची, झाकड पडताना.
बाप म्हणायचा, झुंजूमुंजू;
तो जिनिंगवरून रातपाळी करून येत होता.
आई दोन दिवस अडलेली,
तिला झरोक्यात दिसलं ते दिसलं.
बाकी सगळं भांडून मिटलं त्यांचं, हे मिटलं नाही.
झुंज त्यांची.
मुंजू मीच असेन.

दोघं गेल्यावर मुखेडला जाऊन सुईणीला गाठलं.
तानूबाई, लेकीच्या दारात बाजेवर,
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.
म्हणाली, "तुझा हात दिसत व्हता.
हातावरच्या रेघा दिसत नव्हत्या."
म्हटलं, पण उजेड येत होता का जात होता?
तिनं माझं मनगट चाचपलं,
जणू अजून बघायचं राहिलंय.
"तू रडंना गेलतीस, बाई.
म्या तुझ्याकडं बघू का आभाळाकडं?"

आता टॅब आलाय.
रकाना मोकळा सोडला तर पुढं जाऊ देत नाही,
आणि झाकड टाकलं तर लाल होतो.

काल पोशट्टीची सून.
खोलीतला दिवा नेमका तेव्हाच गेला,
खिडकीची काच तेवढी राखाडी.
पोर रडलं. मोबाईल पाहिला. ०६:०२.
भरलं. हिरवं झालं.
मग माता-बाल कार्डाच्या पाठीमागं,
जिथं कुणी साहेब बघत नाही,
पेन्सिलनं लिहिलं: हात दिसतो, रेघा नाहीत.
कार्ड तिच्या सासूच्या हातात देता देता
परत मागून घेतलं
आणि खाली एक शब्द वाढवला,
येतोय.