अकरा पावलं

सांगलीच्या मार्केट यार्डात दुपारी सौदे थंडावले तेव्हा
पंखा बंद पडलेल्या पेढीवर
मी जिनगोंडाकाकांपुढे स्टॉपवॉच ठेवलं
आणि आकडे वाचू लागले.

चार. नऊ. दोन. सात. एक.
त्यांनी जसेच्या तसे परत दिले,
फक्त एकच्या जागी 'लाभ' म्हणाले.
चूक धरायची का, मॅडमना विचारणार होते,
ते राहिलंच.

सहा आकडे. सात. आठ.
एकतीस वर्षं मापाडी होता हा माणूस.
काट्यापासून वहीपर्यंत अकरा पावलं,
आणि वजन तोंडात धरून न्यायचं,
अठ्ठावन्न चारशे, अठ्ठावन्न चारशे,
मांजर पिलू नेतं तसं, दात न लावता.

पुस्तकात याला उच्चाराचा फेरा म्हणतात.
दोनेक सेकंदांची गोल फीत,
म्हणत राहिलं तर टिकते, थांबलं की विरते.
लांबलचक शब्द तिच्यावर कमी मावतात:
एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी…
काका हसले.
"एकोणचं पोतं आलं की मी ढांगा लांब टाकायचो."

मग मी दुष्ट चाचणी काढली.
आकडे ऐकताना एकच शब्द म्हणत राहायचा.
"कुठला?"
"हळद म्हणा."
हळद हळद हळद हळद,
आणि मी वाचत गेले, तीन आठ पाच सहा दोन नऊ चार.
तीन, म्हणाले. आठ.
मग पंचानं ओठ पुसले.
"आता कुठं धरू गं? तोंडच भरलंय की."

पण सकाळचे ढीग विचारले
तर डोळे मिटून बोटानं हवेत अख्खं यार्ड काढलं,
राजापुरी इथं, सेलम पल्याड, कणी खांबाला टेकून,
आणि ओठांवर हळद हळद चालूच.
डोळ्यांची पाटी निराळी असते,
फेरा अडला म्हणून ती पुसली जात नाही.
हे मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. पाहिलं आज.

राहिला मुख्य कारभारी.
त्याची स्वतःची कोठी नाही.
कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारात उभं करायचं,
एवढंच त्याचं काम.
पुस्तकात तो एक चौकोन आहे, त्यातून बाण निघतात.
मी अडतदाराचं उदाहरण देऊन समजावत होते
तर काकांनी हात वर केला.
तळवा माझ्याकडे. नखांच्या कडा अजून पिवळ्या.

"असा," म्हणाले.
"मिरजेस्नं पोरगं आलं हुतं सायकल हाणत.
तुमच्या धाकट्याला, म्हणालं,
आणि मी असा हात केला.
तोंडात आकडा हुता.
पोरगं थांबलं की. तोंड उघडं ठेवून थांबलं.
मी गेलो वहीपातूर. लिवला.
मग म्हणलं, हं, सांग."

बाहेर हमाल रिकामी पोती झटकत होते.
पिवळी धूळ उन्हात उठली आणि तशीच लटकून राहिली.

"त्या अकरा पावलांत," काका म्हणाले,
"धाकटा हुताच की."

किती होता आकडा, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
"काय की. वहीत असंल. लिवला की तोंड मोकळं."
पोराच्या सायकलीची चेन मात्र उतरलेली होती,
डाव्या पोटरीवर वंगणाचा पट्टा होता,
हे त्यांनी न विचारता सांगितलं.

फॉर्मवर मी लिहिलं: कार्यस्मृतीचा आवाका, आठ.
शेऱ्याची जागा एका ओळीची होती, ती सोडली.

पलीकडच्या काट्यावर कुणीतरी उशिराचं पोतं टाकलं.
नवा मापाडी ओरडला, एकसष्ट दोनशे.
त्याच्याकडे यंत्र आहे, आकडा लाल अक्षरांत उभा राहतो,
न्यावा लागत नाही कुठे.
तरी काकांचे ओठ हलले,
पुन्हा हलले,
आणि मी बोलायला तोंड उघडलं ते
तसंच ठेवून थांबले.