कुसळ

शनिवारी सहाला, दांडिया बाजारातल्या व्यायामशाळेत
पुरलेल्या मल्लखांबाला वळसा घालून
आम्ही मागच्या हॉलमध्ये जातो
आणि आधी मांडी घालून बसतो.
वार नंतर. आरोळी नंतर.
आधी बांबू.

शिनाई म्हणजे चार पट्ट्या.
टोकाला चामड्याची टोपी, पाठीवर ताणलेली दोरी,
टोकापासून दीड वीत खाली चामड्याचा बंद
आणि मुठीच्या आत, कुणाला न दिसणारा,
नखाएवढा लोखंडी चौकोन,
ज्याच्या भरवशावर चौघीजणी
एकमेकींना धरून असतात.

आठवडाभर मी डोळ्यांच्या दवाखान्यात
लोकांकडून फळ्यावरची अक्षरं वाचून घेते.
शनिवारी मी हे वाचते.
दोरी छेडून बघते, सैल असली की बद्द वाजते.
पट्ट्या अंगठ्यांनी फाकवून
आतल्या बाजूला बॅटरी मारते,
कारण चीर बाहेरून सुरू होतेच असं नाही.
मग पोपटी नायलॉनचा तुकडा,
बोहारणीच्या हातून वाचलेल्या साडीचा,
मुठीकडून टोकाकडे हलकेच ओढते.
अडला, की थांबते.
तिथं उभं असतं केसाएवढं, पांढुरकं काही
जे मला आत्तापर्यंत दिसलं नव्हतं.

मे महिन्यात बडोद्याची हवा
बांबूतलं उरलंसुरलं पाणीही मागून घेते.
तेव्हा महिन्यातून दोनदा तेल, चिंधीनं, पुसटसं,
आणि गाडीच्या डिकीत शिनाई ठेवणाऱ्याला
त्या दिवशी नुसतं बसवून ठेवायचं.
खारीवावला टोपल्या विणणाऱ्या रतिलालभाईंना
एकदा एक पट्टी दाखवली होती.
त्यांनी नखानं टिचकी मारली, कानाशी नेली,
म्हणाले, ‘आ तो मरी गयो छे, बेन.’
वरून तर ती अगदी धडधाकट होती.

मुखवट्याच्या जाळीतून बोट जात नाही.
फुटलेली पट्टी जाते.
शर्विल धायबरच्या पापणीवर तीन टाके आहेत.
शिनाई कुणाची होती, आम्ही विचारलं नाही.
तपासणी कुणाची होती,
ते विचारायची गरज नव्हती.
तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बसते,
असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

परवा आमोद पागेदारच्या शिनाईवर
सेलोटेप सापडली. तीन वेढे, नीट, प्रेमानं.
अकरा वर्षांचा आहे.
‘दिवाळीतच घेतलीये. पप्पा परत नाही आणणार.’
मी टेप सोडवत गेले तशी
चीर मोकळी होत गेली,
बोटभर, मग वीतभर.
तो माझ्याकडे बघत होता,
जसं मोठ्यांकडे बघू नये असं आपण मुलांना सांगतो.
मग म्हणाला,
‘मावशी, तुमची द्या.’

दिली.
त्यानं पोपटी तुकडा घेतला, मुठीकडून निघाला,
चामड्याच्या बंदाशी पोचून थांबला.
तिथं जुनं कुंकू चिकटलेलं होतं.
खंडेनवमीला मी तिला पाटावर ठेवलं होतं,
हळद, कुंकू, एक झेंडू.
हात जोडले होते.
बंद सोडला नव्हता.

त्यानं सोडला.
खाली, बरोबर खाली,
तिरकी, काळसर,
बऱ्याच दिवसांची.

आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी
भिंतीशी बसून दुसऱ्यांचे वार मोजले.
त्याचे आणि माझे आकडे सारखे जुळत नव्हते.
मोडक्या पट्ट्या मी घरी नेल्या,
गच्चीवरच्या वालाच्या वेलाला
आधार पाहिजेच होता,
आणि वेलाला काय, त्याला कुसळ टोचत नाही.

निघताना आमोदनं विचारलं,
तुम्ही सगळ्यांचे नंबर काढता,
तुम्हाला स्वतःला नंबर आहे का?

आहे, म्हटलं.
जवळचा.