हवेतली पिन

खडे बाजारात हुद्दारांच्या दुकानात
रेडिओचे सांगाडे खुंट्यांना टांगलेले.
मी बोर्ड मागितला, तो निळा, शिकाऊ लोकांचा,
वर चिल्लर माल: चार दिवे, मूठभर रेझिस्टर, वायरी.
पुडी बांधताना हुद्दारांनी विचारलं, "साका?"
मी म्हटलं, "एक बटण बेकु."
हिशेब त्यांनी तोंडानं मराठीत केला,
पाटीवर आकडे कन्नडमध्ये पडत गेले.

वडगावात आमचे चार माग.
तवनाप्पाचा डावा कान त्यांनी कधीच खाल्लाय.
ताण्याचा धागा तुटला तर याला कळणार कसं,
असं मीच धरून चालले होते.
म्हणून दिवा. आवाजाचं काही नको.

पहिला दिवा डोळा लवायच्या आत गेला.
लांब पाय धनाला, आखूड ऋणाला,
एवढंच वाचलेलं;
मधे कुणीतरी अडवायला लागतं, हे नाही.
खसखशीएवढा काळा डाग,
आणि जळक्या फणीचा वास जेवणापर्यंत.

मग रंग वाचत बसले.
लाल, लाल, तपकिरी: दोनशे वीस.
साडीचे काठ मी अंधारात ओळखते,
पण हे काठ टाचणीएवढे
आणि उलटे धरले की भलतंच सांगणारे.

बटण जोडलं, तर न दाबताच दिवा लागे, विझे.
हात जवळ नेला, लागला.
शेजारच्या खोलीत ट्यूब पेटली, लागला.
दोन रात्री प्रोग्रामच्या ओळी तपासल्या,
अर्धविरामसुद्धा मोजले.
चूक तिथं नव्हतीच.
पिनचं एक टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.
विचारलं की ती एक म्हणे, शून्य म्हणे,
जवळून कोण गेलं त्यावर.
मला आमच्या गावाचं नाव आठवलं,
तीन दाखल्यांवर तीन तऱ्हेचं.

तपकिरी, काळा, नारिंगी: दहा हजार.
तिच्यापासून जमिनीपर्यंत एवढाच टेकू.
गप्प झाली.
नुसतं विचारलं, शून्य. दाबलं, एक.
परत विचारलं. उगीचच. शून्य.

मग बटण काढून दोन पितळी पट्ट्या,
आणि धाग्यावर लोंबती पत्ती.
धागा तुटला की पत्ती पडणार, पट्ट्या भिडणार.

शुक्रवारी रात्री तीन नंबरच्या मागावर
दिवा लागला. लाल, मागाच्या कपाळावर.
तवनाप्पा त्याच्याकडे पाठ करून
माग थांबवून गाठ मारत होता.
"अरे, कळलं कसं?" मी उजव्या कानाशी ओरडले.
त्यानं अनवाणी टाच फरशीवर टेकवली.
"हितनं. वीस वर्सं झाली की."

"मग काढू दिवा?"
त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं, बराच वेळ.
"असूंदे की अक्का.
रात्रीचं बरं दिसूलालंय."